हाव म्हणजे मान्य नव्हे

प्रमाण मराठीत 'हाव' म्हणजे लोभ. आमच्या खानदेशात हाव म्हणजे हो. एवढं आता पुण्याच्या लोकांनाही ठाऊक झालंय आणि दर वेळी ते ऐकून त्यांना हसू येतं. पण ही अर्धीच गोष्ट आहे. आमच्याकडे हाव हे 'हो' असतं त्याहून जास्त वेळा नुसतं 'ऐकतोय, बोला' असतं. तुम्ही मला सांगितलंत की काल तुमच्या घरात साप निघाला, तर मी म्हणेन हाव. तुम्ही म्हणालात की तुमच्या सासूबाई घाबरून ओट्यावर चढल्या, हाव. आणि तुम्ही म्हणालात की तो साप मीच तुमच्या घरात सोडला, तरी मी आधी हावच म्हणेन. तुमचं बोलणं पुरं होऊ देईन आणि मग तुमची खरडपट्टी काढीन. मध्येच तोंड घालणं आमच्याकडे वाईट दिसतं. गप्प बसणं तर त्याहून वाईट. समोरचा बोलतोय आणि आपण ढिम्म बसलोय, म्हणजे त्याला भिंत समजल्यासारखं होतं.

या एवढ्याशा शब्दापायी एका सरळ माणसाच्या पोटावर पाय येणार होता. आजही ते आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आणि 'त्यांनी चूक मान्य केली' हे कागदावर लिहिलं कुणी, तर मी. धरणगावात जन्मलेल्या, घरात दिवसाला शंभरदा हाव म्हणत वाढलेल्या मी.

आमची कंपनी गावोगावी हवामानाची यंत्रं बसवते आणि सांभाळते. कुंपण घातलेल्या चौकोनी जागेत एक खांब, त्यावर पाऊस मोजायचं भांडं, वारा मोजायच्या वाट्या, आणि एकावर एक पालथ्या घातलेल्या थाळ्यांसारखं एक पांढरं काहीतरी. त्या थाळ्यांच्या आत तापमान मोजणारी कांडी असते. दर तासाला आकडे उपग्रहामार्फत आपोआप पुण्याला जातात. पुण्यात मोठं ऑफिस आहे, काचेचं. जळगावला आमची एक खोली आहे, एक कूलर आहे आणि मी आहे. माझं पद 'समन्वयक'. पुण्याचं म्हणणं गावात पोचवायचं आणि गावातलं पुण्यात. पुण्याहून उंटावरून शेळ्या हाकणं चालतं असं मी म्हणते तेव्हा नवरा म्हणतो, तो उंट तूच. बोलण्यात त्याला कोणी हरवत नाही.

धुळे जिल्ह्याकडची चौदा यंत्रं नरडाण्याचे भाऊ सांभाळायचे. पन्नाशी उलटलेला माणूस. आधी कापसाच्या जिनिंगमध्ये वायरमन होते, मग आमच्याकडे आले. एक जुनी मोटरसायकल, मागे पत्र्याची पेटी, पेटीत पाने, ब्रश, कापड आणि गांधीलमाशांची पोळी काढायला एक लांब काडी. शिस्त अशी की बघत राहावं. प्रत्येक यंत्राशी गेल्यावर खांबावरची तारांची पेटी उघडायची, थाळ्या पुसायच्या, तारा तपासायच्या आणि ठरलेल्या जागी उभं राहून फोटो काढायचा. ठरलेली जागा म्हणजे अक्षरशः ठरलेली. पाय ठेवायचा दगडसुद्धा तोच. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ताई, जागा बदली ते काय बिघडनं ते कसं कयी?" जागा बदलली तर काय बिघडलं ते कळणार कसं, असा तो साधा हिशेब होता. मला पटला. पुण्याला मी तो कधी सांगितला नाही, कारण पुण्याने कधी विचारला नाही.

मे महिन्यात पुण्याच्या साहेबांना एका यंत्रात खोट दिसली. साहेब म्हणजे माझ्याहून बारा वर्षांनी लहान, हुशार, बोलायला गोड. वाईट माणूस नाही, आणि हेच जास्त चीड आणणारं आहे. वाईट असता तर मी त्याच्यावर एकदाच सगळं ढकलून मोकळी झाले असते. तो जळगावला एकदा आला होता, भरीत खाल्लं, छान म्हणाला आणि गेला. धुळ्याकडे फिरकलाच नाही. तर सातपुड्याच्या पायथ्याचं आमचं सगळ्यात लांबचं जे यंत्र, ते म्हणे आजूबाजूच्या यंत्रांपेक्षा सहा-सात अंशांनी थंड दाखवतंय. सगळा भाग भाजून निघतोय आणि हे एकटं महाबळेश्वरात असल्यासारखं. साहेबांनी निदान केलं की कांडी खराब आहे, महिनाभर कुणी यंत्राकडे बघितलेलं नाही. पण भाऊंचे अहवाल तर दर आठवड्याचे होते, फोटोंसकट. म्हणजे अहवाल खोटे. झालं. पुण्यातल्या खुर्चीवरून हललं नाही की असं सगळं भराभर जुळत जातं.

सोमवारच्या अकराच्या मीटिंगमध्ये हा विषय निघाला. साहेब पुण्यात, मी जळगावात, भाऊ नरडाण्याच्या एमआयडीसीत एका चहाच्या टपरीमागे, कारण तिथे रेंज चांगली मिळते. स्क्रीनवर त्यांचा अर्धा चेहरा आणि मागे पत्रा दिसत होता. साहेब बोलू लागले.

"मी जरा स्पष्ट बोलणार आहे."

"हाव."

"दर गुरुवारी सकाळी तुमच्या फोनचं लोकेशन दोन-दोन तास बंद असतं."

"हाव."

"आणि हे सगळे फोटो एकच आहेत. तोच कोन, तोच उजेड. एकदा काढलेला फोटो तुम्ही पुन्हा पुन्हा टाकलाय."

"हाव, हाव."

"म्हणजे महिनाभर तुम्ही त्या यंत्राची पेटी उघडलेलीच नाही."

"हाव साहेब."

"बरं झालं, तुम्ही प्रामाणिकपणे मान्य केलंत. पुढचं एचआर बघेल. मला बाराला दुसरा कॉल आहे."

आणि स्क्रीन गेली. भाऊंनी तोंड उघडलेलं मला दिसलं होतं. काही शब्द आले आणि तुटले. आता मी डोळ्यांपुढे आणते तेव्हा सगळं लख्ख दिसतं. साहेबांचं पुरं होईपर्यंत भाऊ रीतीप्रमाणे थांबले होते. आता त्यांची पाळी होती. ते आता सांगणार होते की डोंगराच्या पायथ्याला रेंजच नाही तर लोकेशन कुठून दिसेल, आणि फोटो सारखे आहेत कारण काढणारा सारखा उभा राहतो. पण त्यांची पाळी येण्याआधी साहेबांचे बारा वाजले.

मीटिंगचं टिपण माझ्याकडे असतं. संगणकावर एक तयार नमुना आहे. मुद्दा लिहायचा आणि त्यापुढे तीनपैकी एक शब्द निवडायचा: मान्य, अमान्य, प्रलंबित. निवडल्याशिवाय तो नमुना पुढेच जात नाही. 'ऐकून घेतलं' असा शब्द त्यात नाही. ज्याने तो नमुना केला त्याला माणसं नुसतं ऐकूनही घेतात हे माहीत नसावं. मी 'मान्य' निवडलं. त्या क्षणी माझ्या मनात काय होतं असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. काही नव्हतं. कूलर खडखडत होता, पाणी संपत आलं होतं, ते भरायचं होतं. मी कळ दाबली आणि उठले.

चार दिवसांनी भाऊंना पत्र आलं. 'आपण स्वतः चूक मान्य केल्याने' अशी सुरुवात होती आणि महिनाअखेर सेवा संपत असल्याचं खाली म्हटलं होतं. भाऊंनी ते मला फोनवर वाचून दाखवलं, अडखळत, प्रत्येक जोडाक्षराशी थांबत. वाचून झाल्यावर म्हणाले, "ताई, मी कव्हय मान्य करं? साहेब बोली ऱ्हायंता, मी आयकी ऱ्हायंतू. मानूस बोलस आनि आपन गप बसूत, ते त्याले काय वाटी?"

मान्य कधी केलं, साहेब बोलत होते, मी ऐकत होतो; माणूस बोलतोय आणि आपण गप्प बसलो तर त्याला काय वाटेल. नोकरी गेलेला माणूस मला हे विचारत होता. ज्याने नोकरी घालवली त्याला वाईट वाटू नये म्हणून तो हाव म्हणत होता, आणि त्याच हावची वीट करून त्याच्या डोक्यात घातली होती.

मी फोन ठेवला आणि पुण्याच्या नावाने खोलीतल्या कूलरला शिव्या घातल्या. मग बसले आणि पहिल्यांदा त्या यंत्राचे आकडे नीट बघितले. पाच मिनिटं लागली, जास्त नाही. पहाटेचे आकडे बरोबर होते. सकाळचे बरोबर होते. संध्याकाळचे आणि रात्रीचेही बरोबर. फक्त दुपारी बारा ते चार आलेख खाली बसत होता, रोज, जणू यंत्र जेवून वामकुक्षी घेतंय. कांडी खराब असती तर ती काय घड्याळ बघून खराब झाली असती? हे पुण्याच्या काचेच्या ऑफिसात कुणालाच दिसलं नाही, कारण कुणी बघितलं नाही. गुन्हेगार हातात होता, मग तपास कशाला करायचा!

दुसऱ्या दिवशी मी शिरपूरची एसटी पकडली. स्टँडवर भाऊ मोटरसायकल घेऊन उभे होते. नोकरी गेलेली असताना पेटी मागे बांधलेलीच होती. आम्ही मुद्दाम दुपारी गेलो. भाऊ एरवी तिथे सकाळी सातला पोचत. सगळ्यात लांबचं यंत्र आधी, उन्हाच्या आत, अशी त्यांची फेरी असायची. रस्ता चढायला लागला, फोनवरची रेंज एकेक रेघ करत गेली आणि मी तो फोन हातात धरून बघत होते. हेच ते 'लोकेशन बंद'.

यंत्र गावाच्या कडेला, शाळेच्या मागे. लांबूनच मला त्या खांबावर काहीतरी तपकिरी दिसलं. जवळ गेलो तर पांढऱ्या थाळ्यांवर ओलं बारदान गुंडाळलेलं. टपटप पाणी गळत होतं. वारा गरम, पण बारदानाशी हात नेला तर माठाजवळ नेल्यासारखा गारवा. 

कुंपणाला लागून एक झोपडी होती. अंगणात एक म्हातारी टेंभुर्णीच्या पानांचे पुडे बांधत बसली होती. भाऊंना बघून ती उठली. तिची बोली वेगळी, पण आमच्याशी ती अहिराणीतच बोलली. भाऊंनी बारदानाकडे बोट दाखवून विचारलं, "माय, हाई कोनी टाकं?"

"मीच टाकस," ती म्हणाली. काही चोरी पकडली गेल्याचा भाव नाही. उलट इतके दिवसांनी कुणी दखल घेतली याचा आनंद. "दुपारले टाकस, ऊन उतरनं की काढी लेस. इतलं ऊन, आनि ते उघडं. आपला जीव लाही लाही व्हस, त्याना नही व्हत का? माठले टाकतस ना बारदान, तसं." मग भाऊंकडे वळून म्हणाली, "तुमीनच सांगं व्हतं ना भाऊ, माय, यंत्रले जपजो."

जपजो. भाऊंनी तिला सांगितलं होतं, यंत्राला जप. त्यांच्या मनात शेळ्या होत्या आणि क्रिकेट खेळणारी मुलं. तिने मात्र मनापासून जपलं होतं. हंडाभर पाणी लांबून आणावं लागतं त्या गावात ती रोज दुपारी त्या लोखंडाला पाणी पाजत होती. मला आधी हसू फुटलं, मग रडू. भाऊंनी तिला समजावलं की या यंत्राला ऊन लागू द्यावंच लागतं, ऊन किती ते मोजणं हेच त्याचं काम. तिचा चेहरा उतरला. "मनी चूक व्हयनी का?" माझी चूक झाली का, असं तिने विचारलं.

"नही माय," भाऊ म्हणाले. "तुनी काहीच चूक नही."

ज्याची नोकरी त्या बारदानाखाली दबली होती तो हे म्हणत होता. मी फोटो काढले, म्हाताऱ्या आजींच्या परवानगीने त्यांचं म्हणणं लिहून घेतलं आणि शिरपूरला रेंजमध्ये आल्याबरोबर स्टँडवर उभ्या उभ्या सगळं पुण्याला पाठवलं. मला वाटलं, संपलं. साहेब फोन करतील, ओशाळतील, पत्र मागे घेतील.

साहेबांचं उत्तर तासाभरात आलं. निरीक्षण फार छान आहे म्हणाले. पुढच्या प्रशिक्षणात हे उदाहरण घेऊ म्हणाले. आणि मग खाली: 'पण आता विषय यंत्राचा राहिलेला नाही, सचोटीचा आहे. पेटी न उघडल्याचं त्यांनी स्वतः मान्य केलंय. आपल्याच टिपणात तसं नोंदवलंय.'

आपल्याच टिपणात! म्हणजे माझ्या. खरं समोर ओलंचिंब टपकतंय आणि हे माझा एक शब्द दाखवतायत. उद्या मी टिपणात लिहिलं असतं की भाऊ मेले, तर यांनी हार पाठवला असता.

पुढच्याच आठवड्यात एचआरच्या मॅडमनी सगळ्या जिल्ह्यांसाठी ऑनलाइन कार्यक्रम ठेवला. विषय काय, तर लांब लांब बसून काम करणाऱ्या माणसांमधला विश्वास. देवाशपथ. भाऊंना लिंक पाठवली नव्हती, कारण महिनाअखेर ते जाणारच होते. सुरुवातीला एक खेळ होता. प्रत्येकाने स्वतःबद्दल दोन खऱ्या गोष्टी सांगायच्या आणि एक खोटी. बाकीच्यांनी खोटी ओळखायची. नाशिकच्या बाईंनी सांगितलं की त्यांनी विमान चालवलंय. सोलापूरच्या एकाने सांगितलं की त्याला सात बहिणी आहेत. सगळे हसत होते. माझी पाळी आली.

मी म्हटलं, "मी धरणगावची आहे. मी इथे नऊ वर्षं काम करते. आणि नरडाण्याच्या भाऊंनी आपली चूक मान्य केली. ओळखा, यातलं खोटं कोणतं."

कुणी हसलं नाही. चाळीस चौकोनांतली माणसं एकदम खाली बघायला लागली. मॅडम म्हणाल्या की हा विषय आपण नंतर वेगळा घेऊ. मी म्हटलं, नंतर नको, त्या मीटिंगचं रेकॉर्डिंग आहे, ते भाऊंसमोर लावा. माझा आवाज चढला होता. चढू दे म्हटलं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच तो पुण्यापर्यंत नीट पोचला होता.

दोन दिवसांनी आम्ही चौघं बसलो: साहेब, मॅडम, मी, आणि टपरीमागून भाऊ. रेकॉर्डिंग सुरू झालं. साहेबांचा आवाज: "आवाज येतोय का?" भाऊ: "हाव." साहेब: "ऊन फार आहे का तिकडे?" भाऊ: "हाव." मी प्रत्येक हाव कागदावर रेघ मारून मोजत होते. आरोप सुरू होण्याआधीच सहा झाले होते. मनातल्या मनात मी माझं भाषण तयार ठेवलं होतं, की यातल्या कुठल्या हावने गुन्हा कबूल केला ते दाखवा.

मग फोटोंबद्दलचं वाक्य आलं आणि त्याच्या लगेच मागे साहेबांचं आणखी एक वाक्य, जे माझ्या पार विस्मरणात गेलं होतं. "मॅडम, तुमच्याही लक्षात आलं असेलच. यांचं हे नेहमीचंच आहे."

आणि एका बाईचा आवाज आला. "हाव सर."

क्षणभर मला कळेना की ही कोण. ऑफिसात मी 'हो' म्हणते, 'ओके' म्हणते. हाव मी घरी ठेवून येते, वर्षानुवर्षं घासून काढलंय ते जिभेवरून. पण आवाज माझाच होता. चांगला स्पष्ट, अगदी जवळून.

साहेबांनी रेकॉर्डिंग थांबवलं. "बघा मॅडम," ते मला म्हणाले, "तेव्हा तुम्हीसुद्धा सहमत होता."

"मी सहमत नव्हते," मी ताडकन म्हणाले. "मी नुसतं ऐकत होते. आमच्याकडे हाव म्हणजे ऐकतोय."

बोलून गेले आणि मग एचआरच्या मॅडमनी पहिल्यांदा काहीतरी शहाण्यासारखं विचारलं. त्या म्हणाल्या, "मग त्यांचं हाव तरी मान्य कसं धरायचं?"

साहेबांनी पुढचं रेकॉर्डिंग लावलं. शेवटी भाऊंचा तुटलेला आवाज होता, जो त्या दिवशी मला नीट ऐकू आला नव्हता: "साहेब, पन मी ते—" आणि पुढे टूं टूं. मॅडमनी ते दोनदा ऐकलं. पत्र त्याच दिवशी मागे घेतलं गेलं. नव्या पत्रात 'संवादातील तफावतीमुळे' असा शब्द होता. तफावत! जणू ती हवेतून आली, बारदानातल्या पाण्यासारखी उडूनही गेली, आणि तिला आई ना बाप. माफीचा शब्द कुठे नाही. साहेबांनी मला खाजगीत लिहिलं की शेवट गोड झाला. 

पण त्या ताडकन दिलेल्या उत्तराचं काय? मी नुसतं ऐकत होते, हे खरं होतं का? फोटो मलाही सारखेच दिसायचे. दगडाची गोष्ट मला माहीत होती, तरी त्या दिवशी साहेब इतक्या खात्रीने बोलत होते की मनात कुठेतरी आलं असेल, काय सांगावं, असेलही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मला लांबून दिसतं, पुण्यातलंसुद्धा. माझं ते हाव ऐकल्याचं होतं की मानल्याचं, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. आणि ते उत्तर खोटं असेल तर भाऊंची नोकरी माझ्या खोट्यावर वाचली. याचाही मला राग येतो.

पत्र निघाल्याबरोबर मी भाऊंना फोन केला. आनंदाने केला, जिंकल्यासारखा. सगळं सांगितलं, पत्रातलं वाक्य वाचून दाखवलं, साहेबांचं तोंड कसं झालं होतं तेही पुन्हा सांगितलं. ते प्रत्येक वाक्याला हाव म्हणत गेले. माझं संपलं. मग मला राहवेना. मी म्हटलं, "भाऊ, रेकॉर्डिंगमध्ये माझं ते हाव आलं ना, त्याचं तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"ते मी त्याच दिनले आयकं व्हतं, ताई," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मी म्हनं, ताई नुसती आयकी ऱ्हायनी."



"तुमनं हाव मले समजनं," ते म्हणाले. "मंग मनं हाव तुमले कसं समजनं नही?"

त्यांचं बोलून झालं होतं. आता माझी पाळी होती आणि ते थांबले होते, मध्ये एक शब्दही न घालता. मागे टपरीवर कुणीतरी ग्लास विसळत होतं.